राग नाकावर, अपराध पोटात

एम.ए.ला मराठी घेतले तेव्हा आम्हाला फादर थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' होते. स्टीफन्स जन्माने इंग्रज, जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचा. 1579 मध्ये तो गोव्यात आला आणि 1619 मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. रायतूरला, म्हणजे आजच्या राशोलला, 1616 मध्ये त्याचा ग्रंथ छापून झाला. सुमारे 11 हजार ओव्या. पहिले पुराण जुन्या कराराचे, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागाचे, दुसरे नव्या कराराचे, म्हणजे येशू आणि त्याच्या शिष्यांच्या भागाचे. ओवीची चाल कानातली, त्यामुळे परक्या देशातल्या कथा घरच्यासारख्या वाटत गेल्या. म्हणून मी मूळ बायबल विकत आणले, मराठीतलेच.

उत्पत्तीचे पुस्तक भराभर संपले. यहोशवाच्या पुस्तकापाशी मात्र अडकले. यरीहो शहराची तटबंदी कोसळते आणि आतले पुरुष, बायका, तरुण, म्हातारे, गुरेढोरे, सगळ्यांना तलवारीने कापून काढतात. तेही देवाच्या आज्ञेने. मी पुस्तक मिटले ते कित्येक महिने उघडले नाही. 'शत्रूवर प्रेम करा' म्हणणारा येशू ज्याला बाप म्हणतो, तो हाच का?

हा प्रश्न गोव्यात मला पुष्कळांनी विचारला आहे. हिंदूंनी विचारला, आणि दर रविवारी मिसाला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणाऱ्यांनीही विचारला, आवाज जरा खाली आणून. त्यावर जे उत्तर ऐकू येते ते बहुधा एकच: जुन्या करारातला देव रागीट, नव्यातला प्रेमळ. बोलायला हे सोपे आहे. दोन्ही करार नीट वाचले की ते टिकत नाही.

हे उत्तर ज्याने शेवटापर्यंत ताणले तो मार्सियन. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपी गावचा, जहाजांच्या धंद्यातला माणूस. तो म्हणाला, देव दोन आहेत. जग घडवणारा, कायदा सांगणारा, शिक्षा देणारा तो एक. येशूचा पिता तो दुसरा, आणि पहिल्याशी त्याचा काही संबंध नाही. मग त्याने जुना करार पूर्ण बाजूला काढला. नव्यातूनही लूकचे शुभवर्तमान आणि प्रेषित पौलाची 10 पत्रे एवढीच ठेवली, आणि त्यांतही जिथे जुन्याचा वास आला तिथे कात्री चालवली. इ.स. 144 च्या सुमारास रोमच्या ख्रिस्ती मंडळीने त्याला बाहेर काढले. त्याने दिलेली मोठी देणगीही मंडळीने परत केली.

त्याची कात्री लूकवरही चालवावी लागली, यातच खरी गोष्ट कळते. जुना करार नव्यात मुरलेला आहे, लोणच्यात मीठ मुरते तसा. तो वेगळा काढता येत नाही. नरकासाठी 'गेहेन्ना' हा शब्द नव्या करारात 12 वेळा येतो, त्यांतल्या 11 वेळा तो येशूच्या तोंडी आहे. मंदिरातल्या व्यापाऱ्यांवर दोरीचा चाबूक घेऊन जाणाराही तोच. उलट, जुन्या करारातल्या होशेयच्या पुस्तकात देव आईबापाच्या काळजाने बोलतो: तुला चालायला मी शिकवले, तुला मी कसा सोडून देऊ? जुन्या करारातल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात चौथ्या अध्यायाच्या 24 व्या वचनात देव 'भस्म करणारा अग्नी' आहे आणि 31 व्या वचनात 'दयाळू देव'. मध्ये फक्त सहा वचने. लिहिणाऱ्याला यात विसंगती वाटली नव्हती. का वाटली नव्हती, ते समजून घ्यायचे तर देवाने स्वतःची ओळख कशी करून दिली तिथे जावे लागते.

ती ओळख 'निर्गम' या पुस्तकाच्या 34 व्या अध्यायात आहे, आणि कुठल्या प्रसंगी आहे ते आधी पाहायला हवे. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून इस्राएली लोक नुकतेच सुटले आहेत. त्यांचा पुढारी मोशे सीनाय पर्वतावर आहे. त्याला उशीर झाला म्हणून खाली लोकांनी कानांतली सोन्याची कुंडले वितळवून वासरू केले आणि त्यालाच देव म्हणू लागले. मोशे खाली येतो, हातातल्या दगडी पाट्या आपटून फोडतो. त्या दिवशी सुमारे 3 हजार माणसे मारली जातात. हा भाग गाळून पुढे जाणारे प्रवचन मला आवडत नाही. पण याच पडझडीनंतर मोशे पुन्हा वर चढतो, देव त्याच्या समोरून जातो आणि आपले नाव स्वतः उच्चारतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, हजारोंवर प्रेम राखणारा, अपराधांची क्षमा करणारा; तरी दोषीला निर्दोष न ठरवणारा, बापाच्या पापाचे फळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत भोगायला लावणारा.

यातले दोन शब्द मराठी माणसाला फारसे समजावून सांगावे लागत नाहीत, कारण आपली भाषाही शरीरातूनच बोलते. आपल्याकडे एखाद्याच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो. हिब्रूतही राग नाकातच असतो. 'अफ' म्हणजे नाक आणि 'अफ' म्हणजेच राग. कोणी संतापला तर त्याचे 'नाक पेटले' म्हणतात. मराठी बायबलने ज्याला मंदक्रोध म्हटले तो मूळ शब्द शब्दशः 'लांब नाकाचा' असा आहे. नाक पेटायला वेळ लागतो, असा देव. राग नाही असे कुठेही म्हटलेले नाही. तो सहज येत नाही एवढे म्हटले आहे.

दुसरा शब्द 'दयाळू'. हिब्रूत 'रहूम', आणि तो 'रेहेम' म्हणजे गर्भाशय या शब्दाच्या कुळातला. आपण देवापुढे उभे राहून म्हणतो, अपराध पोटात घाल. पोरगे चुकले तरी आई त्याला पोटाशी धरते, त्या पोटातली ही दया. देवाच्या स्वतःच्या ओळखीत पहिला शब्द पोटाचा आहे आणि नाकाचा नंतर. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो.

आता त्या शेवटच्या, टोचणाऱ्या वाक्याकडे येऊ. आजोबाच्या पापासाठी नातवाला शिक्षा, हा कुठला न्याय? एक तर आकडे पाहा: शिक्षा तीन-चार पिढ्या आणि प्रेम हजारोंवर, अनुवादाच्या सातव्या अध्यायात तर 'हजार पिढ्या' असेच म्हटले आहे. त्या काळी एका घरात तीन-चार पिढ्या एकत्र नांदत, घरातल्या मोठ्याने केलेल्याची झळ सगळ्यांनाच लागे. पण एवढ्यावर समाधान होत नाही, आणि बायबललाही झाले नव्हते. पुढे यरुशलेम पडले, लोक बाबेलला बंदिवासात गेले, तेव्हा त्यांच्यात एक म्हण चालू होती: बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि पोरांचे दात आंबले. बिंबलाची फोड चावून ज्याचे दात आंबले आहेत त्याला या म्हणीतली चीड लगेच कळेल. यहेज्केल संदेष्टा देवाच्या नावाने उभा राहून सांगतो, ही म्हण यापुढे तोंडातून काढू नका. जो पाप करील तोच मरेल. मुलगा बापाचा दोष वाहणार नाही. आणि दुष्ट माणूस मेल्याने मला आनंद होतो का, असे देवच उलट विचारतो. म्हणजे ग्रंथ आपल्याच आधीच्या वाक्याशी झुंजतो. ही झुंज लपवलेली नाही. दोन्ही पाने त्याच पुस्तकात आहेत.

मग हा राग नेमका कशावर येतो? निर्गमाचा 22 वा अध्याय मी वाचायला सुचवीन. विधवेला, अनाथाला गांजू नका. गांजलेत आणि त्यांनी माझा धावा केला तर माझा राग भडकेल, मी तुम्हाला तलवारीने मारीन. वाक्य अंगावर येते. लगेच पुढे: गरिबाला पैसे दिलेत तर सावकारी करू नका. त्याचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळायच्या आत परत करा, कारण त्याच्या अंगाला तेवढेच आहे. तो काय पांघरून झोपेल? त्याने धावा केला तर मी ऐकेन, कारण मी कृपाळू आहे. राग आणि कृपा, दोन्ही एका पांघरुणावरून. ज्याचे पांघरूण गेले त्याला ही कृपा वाटते, ज्याने ते धरून ठेवले त्याला हाच राग वाटतो. देव मात्र एकाच जागी उभा आहे, थंडीत कुडकुडणाऱ्याच्या बाजूला.

म्हणूनच बायबलमधल्या स्तोत्रांत एक गोष्ट आढळते जी आज वाचताना विचित्र वाटते: देव न्याय करायला येतो आहे म्हणून नद्या टाळ्या वाजवतात, डोंगर गातात. 'न्यायाचा दिवस' म्हटल्यावर आपल्या पोटात गोळा येतो. पण वर्षानुवर्षे मामलेदाराच्या कचेरीत खेटे घालून ज्याच्या जमिनीचा निकाल लागत नाही, त्याला विचारा न्यायाधीश येणे म्हणजे काय.

शांतादुर्गेच्या गोव्यात हे समजायला अवघड जाऊ नये. शिव आणि विष्णू यांचे भांडण मिटवायला जी मध्ये उभी राहिली त्या देवीच्या नावात शांती आणि दुर्गा एकत्रच आहेत. तुलना मी इथेच थांबवते. बायबलचा देव निरनिराळी रूपे घेत नाही, आणि तिथली गुंतागुंत रूपाची नसून वागणुकीची आहे.

ही गुंतागुंत सर्वांत धारदार होते ती योनाच्या छोट्या पुस्तकात. चार अध्याय, अर्ध्या तासात वाचून होतात. सगळ्यांना त्यातला मासा आठवतो. मासा हा त्यातला बिनमहत्त्वाचा भाग आहे. योनाला देव निनवेला जायला सांगतो. निनवे म्हणजे अश्शूरची राजधानी. याच अश्शूरने इ.स.पू. 722 च्या सुमारास इस्राएलचे उत्तरेकडचे राज्य संपवले. निनवेच्या राजवाड्यातली लाखीश शहराच्या पाडावाची शिल्पे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत माणसांची कातडी सोलताना आणि त्यांना सुळावर चढवताना दाखवले आहे, आणि ते राजाने कौतुकाने कोरून घेतले होते. अशा शहराकडे योना जात नाही, उलट दिशेच्या जहाजात बसतो. शेवटी जातो, 40 दिवसांत तुमचे शहर उलथेल असे सांगतो. लोक गोणपाट नेसतात, राजा राखेत बसतो, देव शिक्षा मागे घेतो.

आणि योना भडकतो. तो म्हणतो, म्हणूनच मी पळालो होतो! मला ठाऊक होते की तू कृपाळू, दयाळू, मंदक्रोध आहेस. सीनायवरचे तेच शब्द, पण आता तक्रार म्हणून. आपल्या माणसांना ज्याने सोलले त्याला क्षमा, हे त्याला सोसत नाही. इथे योनाला कोतेपणाचा दोष देणे सोपे आहे. मी देत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला दुसऱ्याला मिळालेली दया ही आपल्यावरची दुसरी जखम वाटू शकते. पुस्तक संपते ते देवाच्या प्रश्नावर: एका रात्रीत उगवलेले, तुला सावली देणारे झाड वाळले तर तुला हळहळ वाटते, मग ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी 1 लाख 20 हजारांहून जास्त माणसे जिथे आहेत, आणि पुष्कळ गुरेही, त्या निनवेबद्दल मला वाटू नये? योनाचे उत्तर लिहिलेले नाही.

त्याच जुन्या करारात नहूमचेही पुस्तक आहे. विषय पुन्हा निनवे. नहूमही सीनायचीच ओळ उचलतो, पण दुसरे टोक धरून: परमेश्वर मंदक्रोध आहे, पण दोषीला सोडणारा नाही. हे शहर पडणार आणि ज्यांनी ज्यांनी त्याचा छळ सोसला ते टाळ्या वाजवणार. इ.स.पू. 612 मध्ये निनवे खरोखरच पडले. एक शहर, एक वचन, दोन संदेष्टे. बायबल जमवणाऱ्यांनी दोघांनाही ठेवले. ठार मारणारा पश्चात्ताप करतो तेव्हा योना वाचायचा. तो करीतच नाही, उलट हसतो, तेव्हा नहूम वाचायचा. माझी समजूत अशी आहे.

आता यहोशवा. हे टाळून पुढे गेले तर बाकीचे सगळे गोड बोलणे ठरेल. यरीहो आहे, आणि 1 शमुवेलच्या 15 व्या अध्यायात अमालेक या शत्रू टोळीची बायकामुले, तान्ही बाळेसुद्धा मारण्याची आज्ञा आहे. यावर जाणकार बऱ्याच गोष्टी सांगतात. 'एकही जिवंत ठेवला नाही' ही त्या काळची युद्धाची बोली होती. मिसरच्या मर्नेप्ताह राजाने इ.स.पू. 1208 च्या सुमारास शिलालेखात लिहून ठेवले की इस्राएलचे बीजही उरले नाही. मवाबच्या मेशा राजाने इ.स.पू. नवव्या शतकात लिहिले की इस्राएल कायमचा नष्ट झाला. इस्राएल दोन्ही वेळा शिल्लक होता. यहोशवाच्या दहाव्या अध्यायात सगळे संपवले म्हणतात आणि पुढच्या 'शास्ते' या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात तेच कनानी लोक शेजारी नांदताना दिसतात. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिजेन म्हणाला, हे शत्रू म्हणजे आपल्या आतले विकार. दुसरे म्हणतात, देवाने त्या हिंस्र काळातल्या माणसांना होते तिथून हाताला धरून पुढे आणले, आणि त्यांनी देवाचे जे ऐकले त्यात त्यांच्या काळाचा आवाज मिसळला.

यातले शेवटचे मला सर्वांत पटते. तरीही अमालेकाच्या तान्ह्या बाळाचे काय, हा प्रश्न त्याने मिटत नाही. मी तो मिटवायचा प्रयत्न सोडून दिला आहे. मिटला असे कोणी छातीठोकपणे सांगू लागले तर मला भीती वाटते, आणि त्या भीतीला गोव्यात कारण आहे. इथे 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आले आणि मधला थोडा काळ वगळता 1812 पर्यंत चालले. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, ते सोळाव्या शतकातल्या छळामुळे. देवाची कठोरता माणसाने आपल्या हातात घेतली की काय होते, ते इथल्या देवळांच्या पत्त्यांतच लिहिलेले आहे. आणि बायबलमध्ये याला आधार नाही, उलट मनाई आहे. एका शोमरोनी गावाने येशूला थारा दिला नाही तेव्हा शिष्य म्हणाले, आकाशातून आग पाडू का? येशूने वळून त्यांनाच दटावले.

येशूने जुना करार कसा वाचला, याचे एक बारीक दृश्य लूकच्या चौथ्या अध्यायात आहे. नासरेथच्या सभास्थानात त्याच्या हाती यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाची गुंडाळी देतात. तो वाचतो: दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी, परमेश्वराच्या कृपेचे वर्ष. यशयात पुढचेच शब्द आहेत, 'आणि आपल्या देवाच्या सूडाचा दिवस'. येशू त्याच्या आधी थांबतो, गुंडाळी गुंडाळतो, सेवकाच्या हाती देतो आणि खाली बसतो. ते शब्द त्याने खोडले नाहीत. त्या दिवशी वाचले नाहीत.

पण हाच येशू निर्दय चाकराची गोष्ट सांगतो. एका चाकराचे राजाला 10 हजार तालांत देणे होते. एक तालांत म्हणजे सुमारे 6 हजार दीनार आणि दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. हिशेब केला तर 6 कोटी दिवसांची मजुरी. फिटणारच नाही असे कर्ज. राजा ते सगळे सोडून देतो. चाकर बाहेर पडतो आणि 100 दीनारांसाठी, म्हणजे सव्वातीन महिन्यांच्या मजुरीसाठी, सोबत्याचा गळा धरून त्याला तुरुंगात टाकतो. तेव्हा राजा रागावतो, आणि हा राग भयंकर आहे. पण तो दयेच्या आड आलेला नाही. दया मिळालेल्या माणसाने दयेचा गळा दाबला म्हणून आला.

क्रुसाबद्दल फार थोडे बोलते, कारण त्यावर शतकानुशतके लिहिले गेले आहे. रागावलेल्या बापाने निरपराध मुलाला मारून राग शमवला, असे चित्र पुष्कळांच्या मनात असते आणि ते चुकीचे आहे. ख्रिस्ती शिकवणीत पुत्र हा देवच आहे. 'देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करीत होता' असे पौल लिहितो. न्यायाधीशच आरोपीच्या पिंजऱ्यात येऊन उभा राहिला, असे ते म्हणणे आहे.

या दोन गोष्टी एका वाक्यात, नाव घेऊन, शेजारी ठेवतो तो पौलच. इ.स. 57 च्या सुमारास रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या 11 व्या अध्यायात: देवाची ममता आणि कडकपणा, दोन्ही पाहा. कडकपणासाठीचा ग्रीक शब्द 'अपोतोमिया' नव्या करारात फक्त याच वचनात येतो, आणि तो 'कापून टाकणे' या क्रियेतून निघाला आहे. पौलापुढे त्या वेळी जैतुनाचे, म्हणजे ऑलिव्हचे, झाड आहे. त्याच्या काही फांद्या तोडल्या आणि रानटी जैतुनाची फांदी तिथे कलम केली, असे तो सांगतो.

हे मला पुस्तकातून नीट कळले नव्हते. आमच्या वाड्यापलीकडे एक ख्रिस्ती बागायतदार आहेत, सगळा गाव त्यांना पात्रांव, म्हणजे मालक, म्हणतो. पावसाळ्यात ते मानकुराद आंब्याची कलमे बांधतात. एका जुलैत त्यांच्या पडवीत बसून मी पाहिले. पंधरा दिवसांचे, अजून तांबूस पानांचे रोप त्यांनी हातात घेतले आणि ब्लेडने वरचा भाग एका झटक्यात उडवला. मग उरलेल्या खुंटाला मधोमध उभी चीर दिली. मानकुरादच्या काडीचे टोक दोन्हीकडून तासून पाचरीसारखे केले आणि चिरेत बसवले. साल सालीला लागली का ते अंगठ्याने चाचपून पाहिले. मग पॉलिथिनची पट्टी खालून वर घट्ट गुंडाळत नेली. मी म्हटले, "एवढे कापायला लागते?" ते मान वर न करता म्हणाले, "बाय, कापल्याबगर कलम जायना." कापल्याशिवाय कलम होत नाही.

मी त्यांना पौलाचे वचन सांगितले. त्यांना ते माहीत होते. पण एक खोच त्यांनीच दाखवली: माणूस रानटी खुंटावर चांगली काडी बांधतो, पौल उलटे सांगतो, चांगल्या झाडावर रानटी फांदी. असे सहसा कोणी करत नाही. पौलानेही तिथेच म्हटले आहे की हे निसर्गाच्या उलट आहे. आणि पुढे आणखी एक म्हटले आहे, की तोडून टाकलेल्या त्या फांद्याही देव पुन्हा त्याच झाडावर कलम करू शकतो.

पडवीत कापलेले शेंडे आणि उरलेल्या काड्या पडल्या होत्या. मी विचारले, "या पुन्हा बांधता येतील?"

"ओल्या असेपर्यंत," ते म्हणाले. "वाळल्या की आमच्या हातून होत नाही."

मग त्यांनी उरलेल्या काड्या एकेक करून वेचल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि सावलीला ठेवल्या.